उलट्या तारांचा मीटर

प्रेमराजभाऊंना त्या दुपारी मिळण्यासारखं होतं ते एवढंच: मेव्हण्यापुढे आपला शब्द वर. तेवढ्यासाठी त्यांनी माझ्या पाठीमागच्या तारा सोडल्या. तेव्हा भरलेली धडकी माझ्या काट्यातून अजून गेलेली नाही.

मित्रांनो, मी नरडाण्याजवळच्या एका जुन्या ट्रॅक्टरवरचा अँपिअर मीटर आहे. मधे शून्य, उजवीकडे अधिक, डावीकडे वजा. डायनामो बॅटरी भरू लागला की काटा अधिककडे, बॅटरी रिकामी होऊ लागली की वजाकडे. कारखान्यातून एवढंच शिकून आलो. प्रेमराजभाऊंची बायको रत्ना ट्रॅक्टर चालवते. माझी काच पदरानं पुसत ती म्हणायची, "हाऊ खोटं बोलस नही." या कौतुकावर मी कित्येक हंगाम काढले.

प्रेमराजभाऊ शिकवणी घेतात. पाचोऱ्याहून रत्नाचा भाऊ युवराज आला आणि जेवणानंतर वाद पेटला.

"प्रवाह अधिककडून निघतो, दाजी. पुस्तकात बाण तसाच आहे."

"तो बाण काढला तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊक होता? तो पळतो वजाकडून. हा मीटर कारखान्यातूनच उलटा आलाय."

"मग करा सुलटा. तुम्ही तर कारखान्याचेही मास्तर."

खरं सांगू? दोघंही बरोबर होते. इलेक्ट्रॉन सापडण्याआधी माणसांनी बाणाची एक दिशा ठरवली होती. पुढे कळलं की तारेतले इलेक्ट्रॉन उलटे जातात. तरी बाण तसाच ठेवला, कारण सगळे एकच खूण वाचत असले की गणित चुकत नाही. पण बरोबर असणं दोघांनाही पुरेना. तारांची अदलाबदल झाली, ट्रॅक्टर सुरू केला, काटा वजाकडे गेला. भाऊ हसले, आणि मेव्हण्याला घेऊन धुळ्याला गेले. रत्नाला सांगायचं राहून गेलं.

ती कापूस वेचणाऱ्या बायांना आणायला निघाली. उन्हात दिवे बंद, बॅटरी भरलेली. माझा काटा शून्यापाशीच होता. परतताना एका खड्ड्यात डायनामोची तार निसटली. महामार्गावर अंधारून आलं, तिनं दिवे लावले. बॅटरी रिकामी होऊ लागली आणि माझा काटा गेला अधिककडे. मित्रांनो, मला तोंड नाही, फक्त काटा आहे, आणि तोच खोटं सांगत होता. मी थरथरत होतो. तिला वाटलं, रस्ता खराब आहे.

मागच्या ट्रॉलीतून वेचणाऱ्या बायांमधली भिकुबाई म्हणाली, "रत्ना वं, दिवा मंद पडी राह्यना."

"काटा अधिककडे शे, आत्या. बॅटरी भरी राह्यनी. दिवाच जुना शे."

बॅटरी जुनी, फार टिकली नाही. थोड्याच वेळात पुढचा दिवा गेला, मागचाही गेला. मागून ट्रक येत होता. त्याला आम्ही दिसतच नव्हतो. रत्नानं ट्रॅक्टर कडेला ओढला, बायांनी अंधारात उड्या टाकल्या. ट्रकचे ब्रेक किंचाळले. ट्रॉलीला खेटून तो थांबला.

दुसऱ्या दिवशी प्रेमराजभाऊंनी गुपचूप तारा पूर्ववत केल्या. तेवढ्यात भिकुबाई आली, उजवा हात गळ्यात बांधलेला.

"तसं तत्त्वानं माझं बरोबरच होतं," भाऊ पुटपुटले.

"हो ना मास्तर, तुम्हनं बरोबर. मंग मना हात कसाले मोडना?"

मित्रांनो, खूण बदलायची तर खुशाल बदला. पण ती वाचून गाडी हाकणाऱ्याला आधी सांगा.

प्रेमराजभाऊंचा शब्द वर राहिला. युवराजला पाचोऱ्यात सांगायला गोष्ट मिळाली. भिकुबाईची वेचणी मात्र त्या हंगामापुरती संपली, आणि त्या वादात ती नव्हतीच.