जागचा न हलणारा रेडिओ

"गेले मास्तर," अप्पा म्हणाले आणि मोर्सच्या कळेवरून त्यांनी हात काढला.

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तीन रविवार हाका मारतोय. एकतीस वर्षांत मास्तरांनी सकाळचे सात कधी चुकवले नाहीत."

मास्तर म्हणजे चारशे किलोमीटरवरचे एक निवृत्त शाळामास्तर. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. दर रविवारी हौशी रेडिओवर, मोर्सच्या कडकट्ट भाषेत, हवा, गुडघे आणि मुलं या तीन विषयांवर ते बोलत. फोननंबर कुणीच मागितला नव्हता. फोनच करायचा तर रेडिओ कशाला, यावर दोघांचं एकमत होतं. पत्ते तेवढे होते. पण पत्र टाकावं आणि ते त्यांच्या घरच्यांनी उघडावं, या भीतीने अप्पांनी तेही टाकलं नव्हतं.

अप्पांची सारी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपावर झाली. त्याच काळात त्यांनी भंगारातल्या व्हॉल्व्हांचा, म्हणजे काचेच्या जुन्या नळ्यांचा, रेडिओ स्वतः बांधला होता. तो तापायला दहा मिनिटं लागत आणि उचलायला दोन माणसं. "पण काटा एकदा लावला की जागचा हलायचा नाही," हे वाक्य घरी आलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं होतं, गॅसवाल्यानेसुद्धा. महिन्यापूर्वी त्याच रेडिओने त्यांना असा झटका दिला की ते खुर्चीवरून खाली आले. मुलगी हृदयविकाराच्या वॉर्डात नर्स. तिने ऐकून घेण्याचा प्रश्नच नव्हता. जुना रेडिओ चादरीखाली गेला आणि टेबलावर जेवणाच्या डब्याएवढा नवा आला.

नव्यात शोधाशोध नव्हती. आकडा दाबला की रेडिओ नेमका तिथेच. अप्पांनी वहीत लिहिलेला, जुन्या काट्यावरून वाचलेला आकडा दाबला होता. आता इतका अचूक आकडा असल्यावर चाक कशाला फिरवायचं?

"ही रेघ कसली?" मुलीने नव्या रेडिओच्या छोट्या पडद्याच्या कडेला बोट लावलं. एक बारीक रेघ तिथे उमटत होती, पुसली जात होती.

"विजेचा खरखराट."

"दम घेऊन घेऊन होतो खरखराट?" असं म्हणत तिने चाक फिरवलंसुद्धा.

खोलीत टकटक सुरू झाली. फळ्यावर लिहिल्यासारखं एकेक अक्षर सुटं. अप्पांचंच रेडिओवरचं नाव कुणीतरी पुकारत होतं. पुकारायचं, थांबायचं, पुन्हा पुकारायचं.

अप्पांना आपलं स्वतःचं नाव धड वाजवता येईना. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. पलीकडे इतका वेळ शांतता होती की चहावर साय धरली.

"तुम्ही तर गेलात," मास्तरांनी कळवलं.

"मला वाटलं तुम्ही गेलात. मग हाका कुणाला मारत होतात?"

"सवय. रेडिओ बदललात का?"

"हो. पण जुन्याची सर नाही. तो कसा, जागचा हलायचा नाही."

मास्तरांनी वाजवलं, "खरं आहे." मग निरोप घेता घेता म्हणाले, "तुमच्या मुलीच्या नावे एक पत्र टाकलंय. आलं तर न वाचता फाडा."

पत्र बुधवारी आलं. मुलीच्या नावाचं होतं, तिने उघडलं. उभ्याउभ्या वाचलं आणि अप्पांपुढे ठेवलं. सांत्वनाची पहिली चार वाक्यं सगळे लिहितात तशी होती. पुढे मास्तरांनी लिहिलं होतं :

"तुमच्या वडिलांचा रेडिओ बोलता बोलता सरकायचा. दर दोन वाक्यांना. मी डाव्या हाताने चाक फिरवत त्यांच्या मागे जायचो. काटा हलत नाही याचा त्यांना फार अभिमान होता, म्हणून कधी बोललो नाही. माझा मुलगा नवा रेडिओ घ्या म्हणतो. पण आता रविवारी डाव्या हाताला काम उरलं नाही, नवा घेऊन करू काय?"

"खरंच सरकायचा?" मुलीने विचारलं.

"सरकत असणार. मास्तर खोटं लिहायचे नाहीत." अप्पांना लाज वाटली. गॅसवाल्यापर्यंत सगळे त्यांना आठवले. एकतीस वर्षं एक माणूस आपल्यामागे चाक फिरवत होता आणि आपण त्यालाच काट्याच्या बढाया ऐकवत होतो.

रविवारी सातला मास्तर हजर होते. पहिला प्रश्न तोच. "पत्र आलं का?"

"नाही," अप्पांनी वाजवलं. "टपालाचं हल्ली काही खरं नाही."

"बरं झालं."

मग हवेचं झालं, गुडघ्यांवर आले. नव्या रेडिओत ऐकायची जागा तशीच ठेवून बोलायची जागा तेवढी हलवता येते. दोन वाक्यं झाल्यावर अप्पांनी ती केसभर बाजूला सरकवली. आणखी दोन वाक्यं झाल्यावर आणखी केसभर. पलीकडून उत्तरं येत राहिली, एकही शब्द न सुटता.

"रेडिओ नवाच आहे ना?" मधेच मास्तरांनी विचारलं.

"नवाच."

"चांगला आहे," मास्तरांनी कळवलं. "बोला पुढे."