एझ्रा टालमनचा कान

ब्रिमवेल गावात लोक माणसाला चेहऱ्यावरून ओळखत, लायमन क्रँडल कानावरून. सगळी नोकरी त्याने विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर तीच नजर त्याने बेसबॉलच्या जुन्या फोटोंकडे वळवली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांतले संघ, छातीवर बटणांची पट्टी, झुपकेदार मिशा, आणि खाली एकाचंही नाव नाही. अशा माणसांना नावं देणारं एक मंडळ मॅसॅच्युसेट्समध्ये होतं. सभासद सहा, सगळे साठीच्या पुढचे, आणि कुणाचंच कुणाशी पटत नसे. लायमन अध्यक्ष होता, कारण बाकीच्या पाचांना एकमेकांपैकी कुणी नको होतं.

मंडळाचे नियम त्यानेच लिहिले होते. पहिला असा, की चेहरा वयाबरोबर फिरतो, मिशी लपवालपवी करते, पण कान मरेपर्यंत खरं सांगतो. चौथा असा, की फोटोच्या मागे लिहिलेल्या नावाला काडीची किंमत देऊ नये; ते पन्नास वर्षांनी कुणा मावशीने अंदाजाने लिहिलेलं असतं. या नियमांच्या जोरावर त्याने एक्केचाळीस खेळाडू ओळखले होते. बायकोचे डोळे कोणत्या रंगाचे होते हे तिच्या मृत्यूनंतर त्याला अर्जात लिहिता आलं नव्हतं. कान विचारला असता तर पान भरून लिहिला असता.

बेचाळिसावा होता एझ्रा टालमन, ब्रिमवेलच्या अल्बियन संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. १८६७ च्या मोसमात त्याच्यामुळे संघ एकही सामना हरला नाही, मग तो पश्चिमेकडे गेला आणि नाहीसा झाला. वाचनालयात संघाचा एक फोटो होता. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा जो उभा होता, त्याच्या कानाची वरची कड पुस्तकाचं पान मुडपावं तशी मुडपलेली आणि पाळी गालाला चिकटलेली. हाच टालमन, असं लायमनने जाहीर केलं. गावाने त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा करायला टाकला. लायमन रोज शिल्पकाराच्या डोक्यावर जाऊन बसे. नाक कसंही कर म्हणाला, कानाला धक्का लावू नकोस.

अनावरणाला दोन आठवडे उरले असताना आर्डिथ गोरम त्याच्या दारात आली. वय पंच्याऐंशी, गावच्या शाळेतली जुनी शिक्षिका. लायमनला तिसरीत तिनेच शिकवलं होतं. पर्समधून तिने पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक छोटा फोटो काढला. तोच माणूस, तोच कान. मागे शाईने लिहिलेलं: थॅडियस गोरम, शवपेट्यांचा कारखाना. तिचे पणजोबा. खेळत नव्हते, पण संघाचे गणवेश त्यांनी स्वतःच्या पैशांनी शिवून दिले होते, म्हणून फोटोपुरते गणवेश घालून उभे राहिले, एवढंच तिचं सांगणं होतं.

लायमनने फोटो उलटाही केला नाही. चौथा नियम त्याने तिला तोंडपाठ म्हणून दाखवला आणि कॉफी विचारली. ती गेल्यावर मात्र त्याने आपली जुनी यादी काढून समोर ठेवली. हा एक कान चुकला, तर आधीच्या एक्केचाळिसांवर कोण विश्वास ठेवणार? मंडळातले पाच जण तर त्याच दिवसाची वाट पाहत होते.

मे महिन्यातल्या शनिवारी वाचनालयाच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या गेल्या. लिंबू सरबत होतं, डोनट होते, बँडवाले होते. कापड ओढलं गेलं. ब्राँझचा कान उन्हात चकाकला आणि टाळ्या पडल्या. नावाची पितळी पाटी तेवढी शेवटी बसवायची होती. ती आणि चार स्क्रू लायमनच्या कोटाच्या खिशात होते.

आर्डिथबाई पहिल्या रांगेतून उठल्या. जन्मभर गावाने त्यांचे केस कानावरून खाली घेतलेलेच पाहिले होते. पुतळ्याशेजारी जाऊन त्यांनी ते मागे सारले. कड मुडपलेली, पाळी गालाला चिकटलेली.

"आमच्याकडे पोरींना लहानपणीच सांगायचे, केस मोकळे सोडा, हा कान झाका," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा त्याला कुणी टाळ्या वाजवल्या."

मंडळातले पाचही जण खुर्च्यांवरून अर्धवट उठले. त्यांतल्या फेल्प्स नावाच्या दंतवैद्याने तर चष्मा पुसून घेतला. लायमनला दोनच वाटा दिसत होत्या. कान खरा मानला तर पुतळा शवपेट्यावाल्याचा, आणि खोटा मानला तर बेचाळीसच्या बेचाळीस नावं पाण्यात. त्याने तिसरी वाट काढली. घसा साफ करून तो म्हणाला, की हा तर नवाच पुरावा मिळाला. कान टालमनचा आहे, हे सिद्ध आहे. तोच कान श्रीमती गोरम यांना आहे. तेव्हा त्या टालमनच्या वंशातल्या असल्या पाहिजेत.

बँडवाल्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं.

"म्हणजे माझी पणजी पिचरबरोबर," आर्डिथबाई शांतपणे म्हणाल्या, "आणि त्याचा फोटो नवऱ्याचं नाव घालून अल्बममध्ये."

"कानाचा निष्कर्ष आहे, मॅडम. माझा नाही."

"तिसरीतही तू असंच करायचास, लायमन. उत्तर आधी लिहायचं आणि गणित मागून जुळवायचं." त्यांनी केस पुन्हा खाली घेतले. "एकच सांग. तो टालमन आहे हे पहिल्यांदा कळलं कशावरून?"

लायमनने सांगितलं, की लिलावात मिळालेला टालमनचा एकट्याचा फोटो आहे, त्यातल्या कानाशी तो जुळतो.

"आणि तो एकट्याचा टालमनचा कशावरून?"

उत्तर लायमनच्याच एका लेखात होतं, अकरा वर्षांपूर्वीच्या: वाचनालयातल्या संघाच्या फोटोशी कान जुळतो म्हणून. तो लेख आणि टालमन जाहीर करणारा यंदाचा लेख, दोन्हींच्या तळटिपा एकमेकींकडे बोट दाखवून उभ्या होत्या, आणि दोन्ही लेख वाचलेला माणूस जगात एकच होता. तो आता कोटाच्या खिशात हात घालून स्क्रू मोजत होता.

फेल्प्सने मोठ्याने सुचवलं, की अध्यक्षांनी हा पणजीचा निष्कर्ष सहीनिशी लिहून द्यावा. मंडळ आनंदाने छापेल. एक्केचाळीस खेळाडूंच्या ओळखीच्या दाखल्यांवर न अडखळता सही करणारा लायमन म्हणाला, की आज पेन आणलेलं नाही. आर्डिथबाईंनी पर्समधून स्वतःचं पेन काढून पुढे केलं. त्याने ते घेतलं, टोपण उघडून पुन्हा लावलं आणि म्हणाला, की थोडा आणखी अभ्यास व्हायला हवा.

पाटी बसली नाही. पुतळा अजून वाचनालयापुढे आहे, खाली चार भोकं आहेत. त्या उन्हाळ्यात मंडळाच्या पत्रिकेत त्याचा फोटो छापून आला, कान ठळक दिसेल असा, आणि खाली नव्या अध्यक्षांची, म्हणजे फेल्प्सची, वाचकांना विनंती: या गृहस्थांना कुणी ओळखत असल्यास कळवावे, फोटोमागचे नावही विचारात घेतले जाईल.