ओली जाळी

आमच्या भाषांतराच्या कचेरीत एक मोडकी खुर्ची होती. तिला आम्ही ‘यंत्र’ म्हणायचो.

घरी वापरायची श्वासाची यंत्रं बनवणारी एक कंपनी आमची जुनी गिऱ्हाईक. त्यांच्या माहितीपुस्तिका आम्ही तिघंच करायचो. मी भाषांतर लिहून मोठ्याने वाचायची आणि आजोबा खुर्चीवर तस्संच करून दाखवायचा. वयाने माझ्याएवढाच, पण गुडघे कुरकुरायचे म्हणून आजोबा. ‘बटण दाबा’ म्हटलं आणि ‘सोडा’ लिहायचं राहिलं, तर बोट दाबून चहा येईपर्यंत बसून राहायचा, मेला! ताई मूळ मजकुराशी ताडून बघायच्या. कुठलीही धोक्याची सूचना दिसली की ती उचलून कृतीच्या आधी आणायच्या.

“करून झाल्यावर सावध करून काय उपयोग गं?” असं म्हणायच्या. ताईंचे यजमान त्याच कंपनीच्या यंत्रावर जगत होते.

मग नवे साहेब आले. “एका कामाला तीन माणसं आणि एक खुर्ची?” म्हणाले. यापुढे जो मोकळा असेल त्याला पानं वाटायची, असं ठरलं. आजोबाला साबणाच्या जाहिराती दिल्या, ताईंना कोर्टाचे कागद. नव्या यंत्राच्या पुस्तिकेतली माझ्या वाट्याला फक्त हमीची पानं आली. बाकीची कुठल्या कुठल्या गावच्या भाषांतरकारांकडे गेली.

“साहेब, हे लोक एकमेकांचं वाचतसुद्धा नाहीत,” मी म्हटलं.

“वाचायचं कशाला? प्रत्येकाने आपापलं नीट करावं.”

एक ना धड, भाराभर चिंध्या! पण मी गप्प बसले. कंपनी बोंब मारेल आणि आम्हाला पुन्हा एकत्र बसवावं लागेल, अशी वेडी आशा होती. कंपनीने काम लवकर झालं म्हणून आभार मानले.

ते नवं यंत्र ताईंच्या घरी आलं. हवेची जाळी धुळीने भरली तेव्हा ताईंनी पुस्तिका उघडली. जाळी धुवा, पाणी झटका, परत बसवा. त्यांनी तसंच केलं. पान उलटल्यावर पहिलीच ओळ होती, ‘ओली जाळी बसवू नये, यंत्र बंद पडते.’ ताईंनी पान उलटलंच नाही. एरवी त्या छापील शब्दावर कधी विश्वास ठेवायच्या नाहीत. या पुस्तिकेवर ठेवला, कारण आपल्याकडे सूचना आधी येते, हे त्यांनीच तर घालून दिलं होतं.

यजमान दवाखान्यातून परत आले नाहीत.

मी ती दोन पानं साहेबांच्या टेबलावर आपटली. त्यांनी शांतपणे वाचली, मुळाशी ताडून पाहिली. “दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. मुळातही अशीच आहेत,” म्हणाले. खरंच होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पानं उचलून मी बाहेर आले.

ताई पुन्हा कामावर आल्या त्या दिवशी आजोबा खालच्या मजल्यावरून आला आणि नुसताच उभा राहिला. खुर्ची केव्हाच भंगारात गेली होती. ताईंनी मला विचारलं, “ते पान कुणी केलं गं?”

“एक एकाने, दुसरं दुसऱ्याने. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही. आणि चूक दोघांचीही नाही, ताई.”



“मग मी शिव्या कुणाला घालू?”