खोडाची मागची बाजू

पाववाल्याने लाकडी हातोडी खोडावर हाणली आणि कानसेनने सालीला कान लावला. अशा वेळी कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा पाववाला, कानसेन आणि औषधवाली या तिघांचा नियम. दुसरा नियम असा, की रानात दिसेल ते डोळे भरून बघायचं, पण तोडायचं काहीच नाही. सुट्टीच्या दिवशी झाडं ठोकत हिंडणाऱ्या या मंडळींना घरचे वेडे म्हणत, आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं. कानसेनचा धंदा पियानो सुरात लावण्याचा, म्हणून त्याला हे नाव पडलेलं.

झाड अवाढव्य होतं. बुंध्याशी तपकिरी अळंबी एकावर एक फळ्यांसारखी आली होती, कडेला पांढरी आणि ओलसर.

"आतून संपलंय," कानसेन म्हणाला. "पानं हिरवीगार, पण मुळं कुजलीत. एखाद्या वाऱ्यात आडवं होईल."

"मग ही अळंबी कापून टाकली तर?" पाववाल्याने विचारलं.

"काही उपयोग नाही. कितीही तासा, थोड्या दिवसांत त्याच जागी परत येते."

"तू कधी तासलीस रे?" औषधवालीने हसत विचारलं.

कानसेनने पाववाल्याच्या हातातली हातोडी घेऊन पिशवीत टाकली. "चला, वारा वाढतोय."

औषधवालीचं हसू तिथेच विरलं. तिचं उभं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलं होतं. दुखणं लपवणारा माणूस तिला लगेच ओळखू येई. तो उत्तर टाळतो आणि त्याला कायम घाई असते.

ती आणि कानसेन शेजारी. मधल्या भिंतीलगत, त्याच्या अंगणात असंच एक जुनं झाड होतं, तिच्या छपरावर कललेलं. मागे गल्लीतल्या लोकांनी ते पाडायचा धोशा लावला, तेव्हा कानसेनने सगळ्यांदेखत खोडाला कान लावून सांगितलं होतं, ठणठणीत आहे. त्याच्या शब्दावर लोक घरी गेले. त्याची बाजू घेऊन सगळ्यात जास्त भांडली होती ती औषधवालीची आई.

संध्याकाळी औषधवाली हाक न मारताच त्याच्या फाटकातून आत शिरली आणि थेट खोडाच्या मागच्या बाजूला गेली. सालीवर अर्धगोल पांढरट डाग होते, सुरीने तासलेले, अगदी ताजे. एका डागातून नखाएवढी अळंबी पुन्हा वर आली होती. तिने बोटांनी खोड ठोकून पाहिलं. आवाज पोकळ आला.

"मावशी, मागच्या दाराने या," कानसेनच्या सुनेने आतून हाक मारली. "या बाजूच्या खोल्या बंद केल्यात. बाबांनी आम्हा सगळ्यांना पलीकडे हलवलंय. म्हणतात, इथे ओल येते."

कानसेन तिच्या मागे येऊन उभा होता. तिच्या हाताखालचे डाग त्याला दिसत होते.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षापासून." मग तो हळूच म्हणाला, "सगळ्या गल्लीसमोर बोलून बसलो होतो गं. आता कोणत्या तोंडाने सांगू?"

"माझी आई या भिंतीलगतच्या खोलीत झोपते."

"माहीत आहे."

तिला भयंकर चीड आली. ती तशीच घराकडे धावली.

वाऱ्याला जोर चढला होता. छपरावर फांदी घासत होती. आई खाटेवर आडवी होऊन शाल पांघरत होती.

"आई, ऊठ. मागच्या खोलीत चल. झाड पडेल."

"काहीतरीच तुझं! कानसेनने ऐकून सांगितलंय ना?"

"चुकीचं सांगितलं त्याने. आतून पोकळ आहे ते. ऊठ आधी!"

"त्याच्यापेक्षा तुला जास्त कळतं होय?" आईने शाल गळ्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. "त्याला येऊन सांगू दे. मग उठते."