लिडियाची मुलगी

तळघरात पाणी सुवर्णाच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. छताजवळच्या फुटलेल्या पाइपची धार अजून चालूच होती आणि खालच्या फळ्यांवरचे पुठ्ठ्याचे खोके पाणी पिऊन फुगले होते.

"मोहन, लाइट लावू नकोस," ती जिन्याकडे बघून म्हणाली. "टॉर्च दे फक्त. आणि तू खाली येऊ नकोस."

मोहन टॉर्च घेऊन खाली आलाच. त्याच्या बायपासला अजून वर्षही झालं नव्हतं.

आठवडाभर कडाक्याची थंडी होती. त्यात हिस्टॉरिकल सोसायटीच्या जुन्या इमारतीतला बॉयलर बंद पडला आणि पाइप गोठले. मग एकाएकी हवा पालटली, बर्फावर पाऊस पडू लागला आणि गोठलेला पाइप उलला. समोरच्या चर्चमधल्या बाईंनी दाराखालून पाणी येताना पाहिलं आणि सुवर्णाला फोन केला. सोसायटीची डायरेक्टर कॅरल फ्लोरिडात आजारी आईपाशी होती. किल्ली असलेलं दुसरं माणूस सुवर्णाच.

नागपूरला इतिहासात एम.ए. करून ती लग्नानंतर स्टेट कॉलेज नावाच्या गावी आली, तेव्हा मोहन युनिव्हर्सिटीत मेटलर्जी शिकवत होता आणि तिच्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. पुढे मुलगी झाली, मग लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम मिळालं. डोंगरापलीकडच्या या गावातली नोकरी अगदी उशिरा आली. आठवड्यातून तीन दिवस, ऑल्डरिज घराण्याचे कागद लावायचे. ती म्हणायची, मला एम.ए.चा उपयोग साठीला टेकल्यावर झाला.

ऑल्डरिज म्हणजे या खोऱ्याचे एकेकाळचे मालकच. कर्नल जोसाया ऑल्डरिजनं इथे लोखंडाची भट्टी घातली, स्वातंत्र्ययुद्धात तोफगोळे ओतले. मुलांनी कालवे काढले, नातवांनी बँक. मग भट्टी विझली, टेकडीवरचं घर विकलं गेलं आणि घराण्याचे उरले ते या तळघरातले कागद. आणि मार्गारेट. नव्वदीची, अविवाहित, जवळच्याच नर्सिंग होममध्ये.

भिजलेला कागद वाचवायचा तर लगेच गोठवायचा, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते. सुवर्णानं ड्वेनला फोन केला. शिकाऱ्यांनी आणलेली हरणं तो कापून द्यायचा. त्याच्या दुकानामागे मोठी फ्रीझरची खोली होती आणि हंगाम संपल्यामुळे ती निम्मी रिकामी होती. आणा, म्हणाला, पण लवकर. ओढ्याचं पाणी चढतंय, पोलीस पूल बंद करणार आहेत. तेवढ्यात फायर डिपार्टमेंटचा माणूस डोकावून गेला. तळघराची मागची भिंत आत झुकली होती. एक खेप करा आणि निघा, परत आत पाऊल टाकू देणार नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

एक खेप म्हणजे त्यांच्या व्हॅनमध्ये मावेल तेवढं. फार तर निम्मं.

कॅरल फोनवर रडत होती. कर्नलचे खोके घे, म्हणाली, आधी कर्नलचे, सगळेच्या सगळे. सुवर्णानं सांगून पाहिलं की कर्नलच्या पानापानाचे फोटो कधीच काढून झालेत, पण लिडियाच्या एकाही पत्राचा फोटो नाही. कॅरल म्हणाली, ते मला माहीत आहे. पण कर्नलचं अक्षर गेलं तर या सोसायटीला कोणी दारात उभं करणार नाही, आणि सोसायटी बुडाली तर लिडियाला तरी कोण सांभाळणार? ती खोटं बोलत नव्हती.

लिडिया ही कर्नलच्या नातवाची बायको. नवरा कायम फिरतीवर. ती टेकडीवरच्या घरात एकटी बसून बहिणीला पत्रं लिहायची. भट्टीच्या धुरानं वाळत घातलेले कपडे कसे काळे होतात, साबण कसा बिघडला, घोडी कशी रुसली. आणि थंडीत झालेली, बर्फ वितळायच्या आत गेलेली एक मुलगी. घराण्याच्या वंशावळीत त्या मुलीची नोंद नव्हती. दफनभूमीत एक बुटका कोरा दगड आहे तो तिचा, हे फक्त त्या पत्रांतून कळायचं. ती पत्रं सुवर्णानं वाचली होती. फोटो काढायची वेळ आली आणि अनुदानच बंद झालं.

मोहन छातीशी हात धरून जिन्यावर टेकला होता.

"तू ठरव," तो म्हणाला. "ती फ्लोरिडात आहे. इथे तू उभी आहेस."

"तिनं कर्नल म्हटलंय."

"म्हणू दे ना. तुला काय वाटतं?"

सुवर्णाला काय वाटत होतं ते तिला पक्कं माहीत होतं. पण या देशात ती इतकी वर्षं टिकली होती ती सांगितलेलं काम नीट केल्यामुळे. तिनं कर्नलच्या पहिल्या खोक्याखाली हात घातले.

दोघांनी मिळून ते सगळे वर आणले. शेवटी ती लिडियाच्या फळीकडे धावली, पण भिंतीतून दगड निखळल्याचा आवाज आला आणि फायरमननं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. व्हॅन पुलावरून गेली तेव्हा पाणी रस्त्याला लागलं होतं.

संध्याकाळी ओढा तळघरात शिरला. चिखल छतापर्यंत भरला, तेलाची टाकी उलटली. इमारतीला प्रवेशबंदीची पिवळी फीत लागली. सुवर्णा रोज जाऊन त्या फितीबाहेर उभी राहायची आणि मला एकदा आत जाऊ द्या, म्हणून दिसेल त्याला विनवायची. कोणी जाऊ दिलं नाही. तीन आठवड्यांनी पांढरे सूट घातलेल्या माणसांनी तळघर फावड्यांनी उपसलं. एकानं दया येऊन तिला एक ढेकूळ दाखवलं. काळं, तेलकट, विटेसारखं घट्ट. तिनं कडेनं नख घालून पाहिलं. पान सुटलं नाही.

कर्नलचे कागद वाळून छान परत आले. पेपरात बातमी आली की ऑल्डरिज घराण्याचा ठेवा वाचला, आणि खाली सुवर्णाचा फोटो. शॉमबर्गहून लेकीनं, सावनीनं तो सगळ्या ग्रुप्सवर टाकला, "सो प्राउड ऑफ यू, आई." सुवर्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवायला उठायची नाही. मोहन ताट घेऊन उशाशी बसायचा आणि भात निवला की परत घेऊन जायचा.

मार्चमध्ये ती उठली आणि आठवेल ते लिहून काढायला बसली. साबण आठवला, घोडी आठवली, मुलीच्या खोकल्यावर लिडियानं कांद्याचं पोटीस बांधलं तेही आठवलं. मुलीचं नाव आठवेना.

"मी तुला सांगायचे ना रे, घरी आल्यावर?" तिनं मोहनला विचारलं. "नाव काय होतं तिचं?"

"तू तिला छकुली म्हणायचीस," मोहन म्हणाला. "छकुलीला आज ताप आलाय, छकुली आज हसली. खरं नाव मी कधी ऐकलंच नाही गं."

सुवर्णानं पेन खाली ठेवलं. ती रडली नाही. डोळे मिटून लिडियाचं उजवीकडे कललेलं अक्षर डोळ्यांपुढे आणायला बघू लागली. अक्षर दिसत होतं. त्यातला तेवढाच शब्द दिसत नव्हता.

एप्रिलमध्ये मार्गारेटनं तिला बोलावून घेतलं. खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसली होती, गुडघ्यांवर शाल. लिडियाचे कागद गेल्याचं आणि तो दगड कोणाचा हेही कॅरलनं तिला सांगितलं होतं. त्या कोऱ्या दगडावर नाव कोरून घ्यायचंय, मार्गारेट म्हणाली, दगड कोरणाऱ्याशी बोलणं झालंय. पत्रं वाचलेलं माणूस आता एकच.

"नाव होतं," सुवर्णा म्हणाली. "मी ते कितीदा तरी वाचलंय. मला आठवत नाही."

मार्गारेटनं मान हलवली. आमच्या घरात तीच तीच नावं फिरत असतात, ती म्हणाली, मी एकेक घेते, तुम्ही ऐका. आणि ती म्हणू लागली. रूथ. अबिगेल. हॅना. प्रत्येक नावानंतर थांबायची. सुवर्णा मान हलवायची. मर्सी. एस्थर. टॅबिथाला सुवर्णाच्या छातीत काहीतरी हललं, पण ते नावामुळे की आशेमुळे हे तिला कळेना, म्हणून तिनं पुन्हा मान हलवली.

नावं संपली. बाहेर कोणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेत होतं.

"यातलं एखादं घालू," मार्गारेट म्हणाली. "आता कोण विचारणार आहे?"

"नको," सुवर्णा म्हणाली. "ते तिचं नसेल."

मार्गारेटनं शाल नीट केली, डोळे मिटले आणि पुन्हा रूथपासून सुरुवात केली. या वेळी आणखी सावकाश.