दोन परीक्षांचं एक वर्ष

वसुमतीला कॉलेजातून बोलावणं आलं तेव्हा घरात अजून तळणाचा वास होता. निकाल आदल्या दिवशीच लागला होता. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत बी.ए. झालेली ती पहिली मराठी मुलगी, तीही गणितात पहिल्या वर्गात. त्याच उन्हाळ्यात ती विद्यापीठाचीच तमिळची ‘विद्वान’ परीक्षाही पास झाली होती. घरी मराठी बोलणारी पोर तमिळची विद्वान झाली म्हणून शेजारच्या तमिळ बायका मुद्दाम येऊन तिला फुलं माळून गेल्या होत्या.

प्राचार्या विशालाक्षी अम्मांनी तिला दार लावून घ्यायला सांगितलं.

“मद्रासहून फोन होता,” त्या म्हणाल्या. “विद्यापीठाने तुझे दोन्ही निकाल रद्द केलेत.”

“रद्द म्हणजे?”

“एका वर्षात दोन अंतिम परीक्षांना बसता येत नाही. तसा नियम आहे.”

“पण मी तुम्हाला विचारलं होतं, अम्मा. दोन्ही अर्जांवर तुमचीच सही आहे.”

“हो, विचारलं होतंस.” विशालाक्षी अम्मा खिडकीकडे बघत राहिल्या. “विद्वान हा किताब आहे, पदवी नाही, असं मी धरून चालले. नियम उघडून पाहिला नाही.”

पुढे त्या काय म्हणाल्या ते वसुमतीला ऐकूच आलं नाही. परतताना ती बाजाराच्या रस्त्यात मधोमध उभी राहिली होती. मागे बैलगाडीवाला ओरडत होता, तरी तिचे पाय हलेनात. शेवटी एका फुलवालीने दंडाला धरून तिला कडेला घेतलं.

वडील अप्पाजीराव कलेक्टर कचेरीत कारकून. त्यांनी सगळं ऐकलं आणि हातातला घास ताटात परत ठेवला. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे आता तू काय झालीस, वसू?”

“काही नाही, अप्पा. इंटर पास.”

त्याच आठवड्यात तिघं मद्रासला गेली. विशालाक्षी अम्मा स्वतः बरोबर आल्या. विद्यापीठातले अधिकारी समजूतदार होते. चूक कॉलेजची, हे अम्मांनी त्यांच्यासमोर सरळ कबूल केलं. तेव्हा अधिकाऱ्यांनी एक वाट सांगितली. मुलीने एक परीक्षा सोडत असल्याचं लिहून द्यावं, म्हणजे दुसरी टिकेल. सोडलेल्या परीक्षेचं शेवटचं वर्ष मात्र पुन्हा करावं लागेल.

अप्पाजींचा जीव भांड्यात पडला. कुंभकोणमच्या शाळेत गणिताची जागा वसुमतीसाठी ठेवलेली होती. “मग बी.ए. ठेवा,” ते म्हणाले.

“विद्वान ठेवा,” वसुमती म्हणाली.

अप्पाजींना वाटलं, पोरीची जीभ घसरली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती अधिकाऱ्यांकडे बघत होती.

“अगं, नोकरी जाईल. वर्ष जाईल.”

“गणित शिकवायला कॉलेजात पुढच्या वर्षीही कुणीतरी असेल, अप्पा. कृष्णस्वामी वाध्यार असतील का?”

कृष्णस्वामी वाध्यार, म्हणजे मास्तर, तिचे तमिळचे गुरू. दृष्टी गेलेली, छातीचं दुखणं. पद्यं तोंडपाठ म्हणत त्यांनी तिला शिकवलं होतं. माझी एक तरी विद्यार्थिनी विद्वान झालेली कळू दे, मग मी जायला मोकळा, असं ते म्हणत. अप्पाजींना हे माहीत होतं. तरी हातातलं उपरणं त्यांनी नुसतं पिळलं.  वसुमतीने तिथेच बी.ए. सोडल्याचं लिहून दिलं.

वाध्यारांना कळलं तेव्हा ते आनंदले नाहीत. “माझ्या मरणाच्या भरवशावर पदवी सोडलीस?” एवढंच म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. पुढे कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलत नव्हते. वसुमती पायरीवर बसून राही आणि परत येई. निकाल रद्द झाल्याचं ऐकून ती हबकली होती, पण रडली नव्हती. ती रडली ती या पायरीवर.

जूनमध्ये ती धाकट्या मुलींबरोबर पुन्हा त्याच वर्गात बसली. कुंभकोणमची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्या वर्षी परीक्षेच्या आधी तिला टायफॉईड झाला आणि पहिला वर्ग हुकला. दुसऱ्या वर्गात ती बी.ए. झाली. गावातल्याच एका शाळेत तिला नोकरी मिळाली. गणिताची जागा नव्हती, तमिळची होती.

वाध्यार पुढे बरीच वर्षं जगले. शाळा सुटल्यावर ती त्यांच्याकडे जाई, आणि तिने पद्याचा चुकीचा अर्थ सांगितला की ते पूर्वीसारखेच रागवत.