वीस मिनिटांची विनंती

शनिवारी सकाळी सहा वाजता सुनंदा प्रभुदेसाईंनी दूध तापवलं, चहा गाळला आणि सव्वासहाला पार्ल्यातल्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. मागे वाळत घातलेली चादर दिसू नये म्हणून खुर्ची जरा फिरवून घेतली. मेलबर्नमध्ये पावणेअकरा वाजले होते. गेले पाच महिने ही वेळ घाटकोपरच्या अक्षता पालवची होती.

अंधेरीच्या ज्या कंपनीत सुनंदाने एकतीस वर्षं पुलांचे आराखडे केले, तिची बरीच कामं मेलबर्नची असत. म्हणून तिथे शिकून नोकरी शोधणाऱ्या मुलांना वाट दाखवणाऱ्या एका संस्थेने निवृत्तीनंतर तिला बोलावून घेतलं होतं.

"मॅडम, लागली नोकरी," अक्षता म्हणाली. "पूल नाहीत, गटारं आहेत. पप्पा म्हणतात, घाटकोपरची पोरगी, अनुभव दांडगाच."

"किती जणांना भेटलीस शेवटी?"

"चौदा. तुम्ही सांगितलं तसंच. नोकरी मागायची नाही, बोलायला वीस मिनिटं मागायची. पहिल्यांदा भीक मागतेय असंच वाटलं. तेराव्या बाईंनी साहेबाकडे नाव दिलं."

"भीक कसली? तिथली कामाची रीत आहे ती."

हे वाक्य सुनंदाने तिला अनेकदा ऐकवलं होतं.

साडेसात वाजता निहारचा फोन आला. सुनंदाचा मुलगा त्याच शहरात, त्याच शाखेचा पदवीधर. दोन वर्षांत दोनशेहून जास्त अर्ज, सगळे घरी बसून पाठवलेले. त्याचा व्हिसा सव्वीस तारखेला संपत होता.

"तिकीट काढलंय, आई. सव्वीसचंच."

"तिथल्या अनिरुद्धला एकदा भेटून बघ ना. माझ्या हाताखाली होता तो."

"मी विचारलं होतं गं तुला, आल्या आल्या. तू म्हणालीस, आपल्या मुलासाठी मी शब्द टाकत नाही. आणि तूही कुणाच्या दारात उभा राहू नकोस." त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुझ्या त्या मुलीचं काय झालं?"

"लागली नोकरी."

"छान झालं," तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं, आणि तेच सुनंदाला सोसेना.

तिच्या वडिलांनी, अण्णांनी, सख्ख्या पुतण्यासाठीही बँकेत शब्द टाकला नव्हता. घरात पाहुण्यांना ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाई. त्यानंतर काकांनी त्या घरात पाऊल ठेवलं नाही, हे मात्र कुणी सांगत नसे. सुनंदाने तो अभिमान जसाच्या तसा निहारला दिला होता. परक्याच्या मुलीला मात्र दर शनिवारी, एक तास बसून, तो कसा सोडायचा ते शिकवलं होतं.

चहा तसाच राहिला होता. तिने नवा ईमेल उघडला.

'प्रिय अक्षता, माझा मुलगा निहार तुझ्याच शहरात आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सव्वीस तारखेच्या आत त्याला वीस मिनिटं देशील का? तुला कोण कोण भेटलं, तेवढंच त्याला सांग.'

शेवटी 'जमलं तर' असं लिहिलं. अक्षताच्या प्रत्येक पत्रातून ती हेच दोन शब्द काढायला लावत असे. तिने ते खोडले आणि पत्र पाठवलं.

मग अनिरुद्धचा पत्ता शोधून दुसरं लिहायला घेतलं.